विमानवालीचं मुकं विमान

मिक्सर सुरू झाला की त्या घरात कोणी कोणाशी बोलत नसे. बोलून उपयोगच नव्हता. सासूबाई हातांनी खुणा करायच्या, नवरा चष्म्याच्या काचा पुसत त्या खुणांचे हमखास चुकीचे अर्थ लावायचा, आणि सूनबाई झाकणावर तळहात दाबून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहायची. त्या सकाळीही तेच चाललं होतं. मिक्सर थांबला आणि सासूबाईंनी तोंडाशी अडवून धरलेलं वाक्य सोडलं.

"इतकी वर्षं आवाज न करणारं विमान बनवतेस म्हणे! अगं, आधी हा मिक्सर गप्प कर. आभाळात कोण शेजारी बसलाय तक्रार करायला?"

"आई, मिक्सर मी नाही बनवला."

"तेच म्हणते. तू बनवलेलं या घरात काय आहे, ते एकदा दाखव मला."

"मी आहे की," नवरा म्हणाला. त्याचं चौकात चष्म्यांचं दुकान होतं आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी तो फार विनोदी असायचा. "मला तिनेच सुधारलंय."

"मग काम अर्धवट सोडलंय," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार ठोठावणारा माणूस एक तर घाईत असतो, नाहीतर त्याचे हात भरलेले असतात. या माणसाचं दोन्ही होतं. खांद्यावर दोराचं वेटोळं, एका हातात वायरलेस, दुसऱ्या हातात ओला रेनकोट, आणि बूट घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले. सासूबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"केबलवाले का? आता दोर घेऊन यायला लागलात? बूट बाहेर काढा."

"आजी, मी डोंगर बचाव पथकाचा प्रमुख. विमानवाल्या ताई आहेत का? केव्हाचा फोन लावतोय, कोणी उचलतच नाही."

सगळ्यांनी एकदम मिक्सरकडे पाहिलं.

प्रमुख उंबऱ्याबाहेरच उभा राहून बोलला, कारण बूट काढण्याइतकाही वेळ त्याच्याकडे नव्हता. पाणीपुरवठ्याचा फिटर काल दुपारी डोंगरावर गेला होता. वरच्या झऱ्यावरून शहराला पाणी आणणारी पाइपलाइन तपासायला तो नेहमीच जायचा. काल गेला तो परतलाच नाही. पथकाची माणसं रात्रभर पाइपलाइनच्या कडेने फिरली, पण माग लागला नाही. ढग सुळक्यांवर टेकले होते आणि अरुंद घळीत हेलिकॉप्टर घालायला वैमानिक तयार नव्हता.

"तुमच्या विमानाच्या चाचण्या संपलेल्या नाहीत, ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "पण ताई, त्याने कालची रात्र काढली असेल. आजचीही रात्र वर काढायची म्हटली तर..." त्याने सासूबाईंकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

सासूबाईंना ते पुरं कळलं. "अगं, बघत काय उभी राहिलीस?" त्या सुनेवर ओरडल्या. "डबा मी भरते. तू तुझं ते विमान घे आणि नीघ!"

विमानवाली हे नाव तिला गल्लीने दिलं होतं. वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला त्याच नावाने ओळखत. खरं तर तिचे वडील शिंपी होते. लहानपणी ती त्यांच्या कापायच्या टेबलाखाली बसून चिंध्यांची विमानं करायची, आणि वर वडील गिऱ्हाइकाशी बोलत असायचे. ते कधी नुसतं छातीचं आणि कमरेचं माप घेत नसत. "तुम्ही सायकल चालवता का? खिशात काय काय ठेवता? बसून काम करता की उभ्याने?" असं सगळं विचारून झाल्यावरच ते कापडाला कात्री लावायचे. गिऱ्हाईक वैतागायचं, पण त्यांनी शिवलेला कोट सायकल चालवताना पाठीत कधी ताणला जात नसे.

पुढे ती इंजिनीयर झाली. सुरुवातीची बरीच वर्षं एका मोठ्या कंपनीत प्रवासी विमानातल्या खुर्चीचा हात कसा असावा, एवढंच ठरवण्यात गेली. लग्नात कोणीतरी सासूबाईंना विचारलं, "सून काय करते?" सासूबाई म्हणाल्या, "विमानातल्या खुर्च्यांचे कोपरे." त्या उत्तराने ती दुखावली नाही, उलट जागी झाली. मोठी कंपनी सोडून ती एका लहानशा कार्यशाळेत आली. ही कार्यशाळा एका जुन्या बॅडमिंटन हॉलमध्ये होती. जमिनीवर कोर्टाच्या पांढऱ्या रेघा अजून शाबूत होत्या आणि विमानाचा पंख एका रेघेपासून दुसरीपर्यंत बरोबर मावायचा. ढोबळ अंतर मोजायला तिथे कोणी टेप शोधत नसे.

बचाव पथकाचा प्रमुख पहिल्यांदा आला तो त्याच हॉलमध्ये. त्याने एक गोष्ट सांगितली आणि ती तिच्या मनात रुतून बसली. मागे एकदा धुक्यात एक मुलगी हरवली होती. ती घसा फोडून हाका मारत होती, पण वर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं, त्यामुळे खाली पथकाला काही ऐकूच आलं नाही. हेलिकॉप्टर निघून गेलं तेव्हा कुठे तिची हाक कानावर पडली. "आम्ही डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त शोधतो, ताई," तो म्हणाला होता. "आम्हाला असं विमान द्या, जे वरून बघेल पण तोंड उघडणार नाही."

तिने तसंच विमान करायला घेतलं. बिनवैमानिकाचं, हलकं, लांब पंखांचं. पोटाखाली अंगाची ऊब टिपणारा कॅमेरा. पहिल्या विमानाचा प्रॉपेलर एवढा किंचाळायचा की हॉलमध्ये त्याचं नाव 'गिरणी' पडलं. मग तिने पात्यांचा आकार बदलला, पुन्हा बदलला, रुंद केली, टोकांना बाक दिला. मोडलेली पाती हॉलच्या कोपऱ्यात लाकडासारखी रचून ठेवलेली असायची. शेवटी एक दिवस विमान डोक्यावरून गेलं आणि कोणी मान वर केली नाही. फक्त जमिनीवरून एक सावली सरकत गेली. त्या दिवशी तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. घरी येऊन तिने सासूबाईंना ते सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "असं माणूस करता आलं तर सांग." पण रात्री जेवताना त्यांनी तिच्या ताटात न मागता जास्तीचं वाढलं.

तेच विमान घेऊन आता ती डोंगराच्या पायथ्याच्या पंपघरापाशी पोचली होती. पथकाने तिथेच ठाण मांडलं होतं. भिंतीला दोर टांगलेले, ओल्या मोज्यांचा वास, आणि मोटारीच्या लोखंडी पेटीवर चहाच्या पेल्यांची रांग. विमान उडवायला तिच्याबरोबर कॅप्टन आले होते. ते पूर्वी बिनइंजिनाची ग्लायडर विमानं उडवायचे. आता गुडघा वाकत नव्हता, पण आभाळाकडे बघायची सवय काही सुटली नव्हती.

पंपघराच्या दाराशी फिटरची बायको बसली होती. ती ना कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत होती, ना कोणाशी बोलत होती. तिची नजर ढगांवर खिळली होती.

कॅप्टननी विमान सोडलं. पडद्यावर डोंगर करडा दिसू लागला. त्यात एक पांढरा ठिपका दिसला की सगळे पुढे झुकायचे, आणि तो ठिपका चार पायांवर उड्या मारत निघून गेला की मागे सरायचे. शेळ्या सापडल्या. एक कोल्हा सापडला. उन्हाने तापलेला एक दगडही सापडला, त्याने तर सगळ्यांना चांगलंच फसवलं. माणूस मात्र सापडला नाही. विमान घळीवरून गेलं, परत फिरलं, पुन्हा गेलं.

फिटरच्या बायकोने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "तुमचं विमान कधी निघणार?"

"अहो, ते केव्हाच गेलंय," विमानवाली म्हणाली. "आत्ता आपल्या डोक्यावरूनच वळलं."

"मला काहीच कळलं नाही."

"तीच तर त्याची खुबी आहे." हे वाक्य तिने आतापर्यंत इतक्या लोकांना ऐकवलं होतं की ते आपोआप बाहेर पडलं, वर थोडं हसूही आलं.

बायकोचा चेहरा उतरलेला पाहून प्रमुख तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. "वहिनी, धीर सोडू नका. तुमचा नवरा नियमाचा पक्का माणूस आहे. आमच्याच शिबिरात शिकलाय तो. हरवलास तर भटकायचं नाही, आडोशाला बसायचं, ऊब राखायची, दम राखायचा. वरून यंत्राचा आवाज आला, की मगच उघड्यावर यायचं आणि हाका मारायच्या. हे मी त्याच्याकडून घोकून घेतलंय."

"ते सांगितलेलं सगळं ऐकतात," बायको म्हणाली. "माझं सोडून."

विमानवालीच्या हातातला पेला तसाच राहिला. आवाज आला, की मगच. या डोंगरात राहणारा एकूण एक माणूस हे शिकलेला होता, आणि तिला ते कोणी सांगितलं नव्हतं, कारण तिने कधी विचारलंच नव्हतं. ती पथकाला भेटली होती, त्यांच्या कानांना काय हवं ते तिने बारकाईने विचारलं होतं. पण हरवलेल्या माणसाला काय हवं, हे विचारायचं राहून गेलं. माप घेतलं एकाचं, आणि कोट घालणार होता दुसराच. तो माणूस एखाद्या कपारीत बसून यंत्राच्या आवाजाची वाट बघत असेल. कपारीच्या छतामुळे कॅमेऱ्याला त्याची ऊब दिसत नसेल. आणि तिचं लाडकं विमान त्याच्या डोक्यावरून चोरासारखं ये-जा करत असेल.

"कॅप्टन," ती म्हणाली, "विमान खाली घ्या."

"का? अजून निम्मी बॅटरी आहे."

"प्रॉपेलर बदलायचाय. आवाज करणारा हवाय. गिरणीचा."

कॅप्टननी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने पंख कापायला सांगितले होते. "तो तुम्ही फेकून द्यायला सांगितला होतात."

"मग? फेकलात?"

"नाही. तुमचं ऐकलं नाही." त्यांनी व्हॅनच्या मागच्या पेटीतून, चिंध्या आणि पक्कडींच्या खालून, ते तीन पात्यांचं कर्कश भूत बाहेर काढलं. "पण बाई, हा वीज फार खातो. निम्म्या वेळात बॅटरी आटपेल. आणि तो सारखा किंचाळत राहिला, तर खाली पथकाला त्या माणसाची हाक ऐकू कशी येणार? पुन्हा हेलिकॉप्टरसारखंच होईल."

हे तिलाही दिसत होतं. ती विमानापाशी गुडघ्यावर बसली. आणि तिला आठवलं, लांब अंतरावरच्या माणसाला आपण कशी हाक मारतो. सारखं ओरडत राहत नाही. एकदा जोरात साद घालतो, मग गप्प बसून कान देतो.

"वर जाताना किंचाळू द्या," ती म्हणाली. "घळीच्या माथ्यावर पोचलं की मोटर पूर्ण बंद करा आणि तसंच तरंगत खाली आणा. तेवढा वेळ पथकाने पाय हलवायचा नाही, नुसतं ऐकायचं. मग पुन्हा वर."

"मोटर बंद करून? डोंगराच्या कुशीत, या वाऱ्यात?"

"तुम्ही आयुष्यभर दुसरं काय केलंत?"

कॅप्टनच्या मिशा हलल्या. गुडघ्यावर हात टेकत ते उठले. "पंख पुरतील का?"

"बॅटरी वाचवायला म्हणून मी ते एवढे लांब केले होते. आज आणखी एका कामाला येतील."

नट तिने स्वतःच्या हाताने सोडवला. बाक दिलेली ती रुंद पाती बाजूला ठेवताना, स्वतः शिवलेला कोट भर दुकानात स्वतःच उसवावा तसं तिला झालं. तिने ती रेनकोटवर ठेवली, जमिनीवर नाही. मग तो कर्कश प्रॉपेलर बसवला, हाताने फिरवून पाहिला, दोनदा आवळला.

विमान उडालं तेव्हा पंपघराच्या पत्र्यावरचे कावळे उठले. फिटरच्या बायकोने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि लगेच काढले. आता तिला आभाळात शोधावं लागत नव्हतं, विमान कुठे आहे ते डोळे मिटूनही कळत होतं. आवाज डोंगराला धडकत, घळीतून घुमत वर चढत गेला. मग एकाएकी तुटला. वायरलेसवर प्रमुखाचा आवाज आला, "सगळे जागच्या जागी. कोणी खोकायचं नाही."

शांतता. पडद्यावर डोंगर हळूहळू सरकत होता. कॅप्टन ओठ दाबून बोटांच्या टोकांनी विमान सांभाळत होते. काही ऐकू आलं नाही.

पुन्हा गिरणी. पुन्हा शांतता. काही नाही. बॅटरीची रेघ पडद्याच्या कोपऱ्यात भराभर बुटकी होत होती. विमानवालीने ती बघायचंच सोडलं.

तिसऱ्या खेपेला विमान घळीच्या पलीकडच्या अंगाला गेलं, तिथे पूर्वी पाइपलाइनचा एक फाटा होता, आता बंद पडलेला. मोटर थांबली. वायरलेसवर कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता. मग एक बारीक आवाज. टण. थोडं थांबून पुन्हा, टण, टण.

"लोखंड!" वर कोणीतरी ओरडलं. "लोखंडावर कोणीतरी ठोकतंय! थांबा, पाइपाला कान लावतो... आहे! खालच्या अंगाला आहे!"

फिटरची बायको उठून उभी राहिली. "पाना," ती म्हणाली. "पाना आहे तो. पाना सोडत नाहीत ते हातातून, झोपतानासुद्धा." आणि मग ती एकदम रडायला लागली, आणि तिला सावरायला गेलेल्या विमानवालीलाही डोळ्यांतल्या पाण्याने काही दिसेना.

उतारावरून त्याला स्ट्रेचरवर खाली आणेपर्यंत ऊन कलंडलं होतं. पाय घोट्यातून मोडला होता, ओठ निळे पडले होते, पण जीभ शाबूत होती. घसरून पडल्यावर तो फरफटत जुन्या पाइपाखालच्या कपारीत शिरला होता आणि सांगितल्याबरहुकूम बसून राहिला होता.

"काय सांगू, वहिनी," तो बायकोला म्हणाला. त्याला ताप चढला होता हे त्यावरून सगळ्यांना कळलं. मग त्याला नीट दिसलं. "अगं, तूच का? काय सांगू, सकाळपासून डोक्यावरून चिमणी गेली नाही. म्हटलं, विसरले मला. हातपाय गार पडत चालले, झोप यायला लागली. आणि मग एकदम आभाळातून पिठाची गिरणीच आली की! एवढा घाणेरडा आवाज जन्मात ऐकला नव्हता. इतकं बरं वाटलं."

"सकाळपासून आम्ही तुमच्या डोक्यावरून जात होतो," विमानवालीने सांगितलं. "तुम्हाला कळू नये असंच मी ते केलं होतं. चूक माझी होती."

फिटरने तिच्याकडे पाहिलं, मग विमानाकडे. "आणि ही गिरणी कोणाची?"

"तीही माझीच."

"मग चूक फिटली," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. जिना चढताना तिला सासूबाईंचा फोनवरचा आवाज दुसऱ्या मजल्यापासून ऐकू आला. "हो, हो, आमचीच सून! खुर्च्यांचे कोपरे? ते फार जुनं झालं. आता माणसं शोधते ती डोंगरातून... नाही नाही, मुकं नाही, चांगलं दणदणीत विमान आहे, तुमच्या घरापर्यंत ऐकू येईल!" ती दारात दिसताच त्यांनी फोन घाईने ठेवला आणि म्हणाल्या, "डबा रिकामा आणलास ना?"

पुढचे कितीतरी आठवडे बॅडमिंटन हॉलमध्ये नुसता गोंधळ होता. एकाच विमानात दोन्ही हवं होतं: हाक मारणारं तोंड आणि ऐकू देणारी शांतता. गिरणीचा प्रॉपेलर वीज खातो म्हणून तो कायमचा बसवता येत नव्हता. शेवटी तिने आपली शांत पाती परत लावली आणि पंखाखाली एक छोटं भोंग्याचं नळकांडं बसवलं. वर जाताना भोंगा, तरंगताना मौन. त्या भोंग्याचा सूर ठरवायला तिने पथकाला बोलावलंच, पण त्याआधी फिटरला बोलावलं. तो कुबड्या घेऊन आला, एका पांढऱ्या रेघेवर खुर्ची टाकून बसला, एकेक आवाज ऐकून नाक मुरडत राहिला. "हा मोटारसायकलचा वाटतो. हा तर लांडग्याचा, मी बाहेर येणारच नाही. हां, हा! हा घाणेरडा आहे. हा ठेवा."

मग ज्या दिवशी पथकाने ते विमान रीतसर आपलं म्हणून स्वीकारलं, त्या दिवशी हॉल भरला होता. नवऱ्याने दुकान बंद ठेवलं होतं. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि शेजारच्या बाईला पंख कुठून कुठपर्यंत आहे ते हात लांब करून दाखवत होत्या. कॅप्टननी मिशांना पीळ भरला होता. फिटर आणि त्याची बायको शेजारी शेजारी बसून एकमेकांशी भांडत होते.

प्रमुख बोलायला उभा राहिला. त्याला भाषण करता येत नव्हतं आणि ते त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं. "एवढंच सांगतो, की आता आमच्याबरोबर हाका मारायला एक जण जास्त आहे," तो म्हणाला. "ताईंचं नाव पंखावर रंगवायचं आम्ही ठरवलंय. पण त्यांना स्वतःला काय हवं, ते त्यांनी सांगावं. पथकाकडून जमेल ते देऊ."

ती उभी राहिली. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे तिला आवडलं आणि तिने ते लपवलं नाही. तिने विमानाच्या पंखावर हात ठेवला, एकदा सासूबाईंकडे पाहिलं, मग प्रमुखाकडे.

"नाव रंगवा, मला आनंद होईल," ती म्हणाली. "आणि पुढच्या सरावाच्या दिवशी मला वर घेऊन चला. फिटर बसले होते त्या कपारीत मला एकटीला बसवा, आणि विमान वरून न्या. मला ते खालून ऐकायचंय."